परत सांग

काचेच्या या बाजूला मी बसते, त्या बाजूला तू.
तुला मी दिसत नाही.
मला तुझी मान दिसते, नव्याने कापलेले केस,
आणि कोऱ्या शर्टाच्या कॉलरमध्ये राहून गेलेली टाचणी.
ती तुला टोचत असणार, त्सोलाक. पण तू सांगणार नाहीस.

आज दहा वाजून सात मिनिटांनी
मी तुझा दोन नंबरचा पंप मारणार आहे.

खोली हुबेहूब आहे. तीच बटणं, तेच दिवे,
खुर्चीचा हातसुद्धा तस्साच, घासून पांढरा पडलेला.
फक्त तारा कुठेच जात नाहीत.
भिंतीपलीकडे अणुभट्टी नाही,
झाडू ठेवायची खोली आहे
आणि आर्शालुइसची सायकल.

दहा सात.
भोंगा. तांबडे दिवे.
तुझा हात आधी निघतो. मला ठाऊकच होतं.

माझी आई लवाश भाजायला तोनीरवर वाकायची.
हात आत जायच्या आधी
तिचे डोळे आत जाऊन आलेले असायचे.
तेवढंच शिकवायचंय मला. त्याला अठरा महिने लागतात.

"पंप दोन बंद," तू म्हणतोस.
"पंप दोन बंद, कळलं," हेघिने म्हणते.
यावर तू "बरोबर" म्हणायला हवं.
तो एक शब्द तू गिळलास. मी वहीत टिपते.

मग तीन नंबरच्या स्टीम जनरेटरची पातळी घसरते
आणि तू चार नंबरचा व्हॉल्व्ह बंद करतोस,
अगदी शांतपणे, अगदी खात्रीने.
हेघिने तुझ्याकडे बघते. बोलत नाही. तेही टिपते.
पुढची वीस मिनिटं मी हात लावत नाही.
काटे आपापल्या गतीने खाली जातात.

अकराला चहा.
माझ्याकडे एक बटण आहे, ते दाबलं की पुन्हा सकाळचे नऊ.
असं बटण असलेली
या अख्ख्या देशात मी एकटीच असेन.

भूकंपानंतर हे केंद्र बंद होतं, तेव्हाची गोष्ट.
मी नऊ वर्षांची. दिवसाला तासभर वीज, तीही आली तर.
आधी जमिनीच्या फळ्या जाळल्या, मग पलंग.
मग बाबांनी कपाट उघडलं.
टर्बाइनवर अकरा वर्षं काढलेला माणूस
आपलीच पुस्तकं चुलीत घालत होता.
पण एकेक पान आधी वाचायचे, मोठ्यानं,
आणि माझ्याकडे बघायचे: परत सांग.
दोनशे साठ अंशांना वाफेचा दाब?
सत्तेचाळीस बार.
परत सांग.
सत्तेचाळीस.
मग पान आत.
एका पानाची ऊब फार वेळ टिकत नाही.
आकडा मात्र अजून आहे.
बाबांनी शिकवलं की नुसती पानं सोडवत नव्हती म्हणून वाचलं,
हे मी कधी विचारलं नाही. आता विचारायला ते नाहीत.

तू बाहेर येतोस. कप बशीवर वाजतो.
"तिकीन नेक्तार, खरं असतं तर किती लोक..."
मी म्हणते, टाचणी काढ आधी.
तू मानेकडे हात नेतोस आणि एवढा लाजतोस,
जसं काही चार नंबरचा व्हॉल्व्ह तोच होता.

खिडकीबाहेर विजेच्या खांबावर करकोच्यांचं घरटं.
पिल्लू काठावर उभं राहून पंख झाडतंय,
उडत नाही. आईबाप दुसऱ्या खांबावर,
पाठ फिरवून. मला ती पाठ ओळखू येते.

उद्याचं तुला सांगत नाही.
उद्या मी काहीच मोडणार नाही.
सहा तास सगळे काटे जागच्या जागी,
पंपांची एकसुरी घरघर, जेवणानंतरची पेंग,
आणि दर अर्ध्या तासाला तोच आकडा वहीत.
तुझ्याआधीचे दोघे त्यातच नापास झाले.
एकाने तिसऱ्या तासाला
न बघताच आकडा लिहिला.
आकडा बरोबर होता.
मी त्याला घरी पाठवलं.